गच्चीवर पाणी भरण्याआधी

सोहारला पाऊस वर्षातून दोनदा येतो
आणि दोन्ही वेळा थेट आमच्या एक्स-रेच्या खोलीत.
दवाखान्याचे मालक नासिर अल-मकबाली
माझ्या टेबलावर तीन कोटेशनं ठेवून म्हणाले,
तू चौकस आहेस. तूच विचार.

अपॉइंटमेंटच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर
मी लिहीत गेले.
परवाना कुणाच्या नावावर?
याआधी केलेल्या गच्च्या
नंतरच्या पावसात बघायला गेला होतात का?
जुना डांबरी थर उखडणार, की त्यावरच नवा,
जखम न धुता पट्टी बांधावी तसा?
उतार कुठल्या अंगाला?
एसीच्या पायांखाली काय घालणार?
पैसे किती हप्त्यांत,
आणि शेवटचा हप्ता नेमका कशानंतर?

पहिला गच्चीवर चढलाच नाही.
कपाळावर आडवा हात धरून
खालूनच आकडा सांगितला.

दुसरा प्रत्येक प्रश्नाला
नो प्रॉब्लेम, मॅडम.
अकरा प्रश्न, अकरा वेळा.
मी वहीत लिहिलं : प्रॉब्लेम.

तिसरा शराफत हमदुले, म्हसळ्याचा.
पाटीवरचं रेवाळे वाचलं
आणि खुर्ची ओढता ओढता मराठीत आला.
चहा नको म्हणाला. आधी शिडी.
वर गेल्यावर उकिडवा बसला,
पाइपाच्या तोंडात किल्ली घालून खरवडलं :
पारव्याचं घरटं, तारेचे तुकडे,
आमच्याच सिरिंजचं एक वेष्टण.
अर्धी गळती ही, म्हणाला. हिचे पैसे नाहीत.

मी वही उघडली.
हमी किती?
दहा वर्षं.
आणि व्हिसा?
तो हसला. दोन वर्षांचा. तुमचा?
माझाही दोनच.
मग आम्ही जरा वेळ तसेच उभे,
दोन-दोन वर्षांची माणसं,
दहा वर्षांच्या छपरावर,
तापलेल्या सिमेंटवर पाय आलटून पालटून टेकवत.

गावाला घर बांधलंय, तो आपणहूनच म्हणाला.
स्लॅब गळतो. तीनदा पैसे पाठवले.
तिन्ही वेळा फोटो आले, चकचकीत.
फोटोत बादल्या येत नाहीत.
आई फोनवर बोलते तेव्हा मागे
टप्, टप्, ऐकू येतं.

तुम्ही काय विचारलं होतंत ठेकेदाराला?

किती पाठवू.
एवढंच.

त्यानं माझं पेन मागितलं
आणि माझ्या यादीत खाली स्वतःविरुद्ध एक प्रश्न घातला :
काम झाल्यावर पाणी भरून ठेवणार का?
चार बोटं. पुरे दोन दिवस.
त्याच्याखाली मी एक लिहिला :
दुपारी साडेबारा ते साडेतीन
माणसं कुठे असतील?
सावलीत, म्हणाला.
लिहून द्या, म्हटलं.
दिलं.

जूनच्या शेवटी गच्ची भरली.
पाइपांची तोंडं ओल्या गोणपाटानं बांधली,
टँकरची नळी वर खेचली,
आणि ज्या गावात पाणी टँकरनं विकत घ्यावं लागतं
तिथे आम्ही एक तळं नुसतं ठेवून दिलं.
संध्याकाळी साळुंक्या आल्या.
शेजारच्या मशिदीचा हिरवा दिवा त्यात लांब झाला.
रुबेल नावाचा सिल्हेटचा पोर
काठावर बसून पाय बुडवत होता,
मला बघून झटकन वर घेतले.
राहू दे, म्हटलं, पण त्याला भाषा कळली नाही,
की कळली आणि पटली नाही.

मी खाली एक्स-रेच्या खोलीत जाऊन
टेबलावर उताणी पडले,
पेशंट पडतो तशी, हलू नका म्हटल्यासारखी,
आणि छताकडे बघत राहिले.
कोरडं.
दुसऱ्या दिवशीही.

शेवटच्या हप्त्याच्या चेकवर सही झाली तेव्हा
हमदुलेंनी माझ्या पानाचा फोटो काढला
आणि उभ्याउभ्याच म्हसळ्याच्या ठेकेदाराला पाठवला.
दोन खुणा निळ्या झाल्या.

आज नववा दिवस.
मी विचारते, तो फोन दाखवतो.
निळ्याच आहेत.